शेव विरघळते, भरीत पाणी सोडतं, बट्टी दगड होते: जळगावी ताटाचं मूळ आणि कृती

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबांचं गाव जळगाव, तुम्ही वाढलात पुण्यात, आणि आता जळगावच्या एमआयडीसीत दुपारच्या ४० ताटांची खानावळ काढताय. ताटात शेवभाजी, भरीत आणि वरण-बट्टी हवी. भिंतीवर प्रत्येक पदार्थाच्या मुळाबद्दल दोन ओळी लावायच्या आहेत. पण चौकशी केली तर कुणी शेव रतलामची म्हणतं, कुणी बट्टी राजस्थानची, आणि भरीत काय पंजाबातही होतं. मग जळगावचं म्हणावं असं काही आहे की नाही, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की घरी करून पाहिलं तेव्हा शेवेचा लगदा झाला, भरताला पाणी सुटलं आणि बट्ट्या दगडासारख्या झाल्या.

मला वाटतं, तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. रस्शात तुम्ही पाकिटातली रतलामी शेव घातलीत. भरतात टोमॅटो, हळद आणि लाल तिखट घातलंत. बट्टी ओव्हनमध्ये भाजलीत. म्हणजे पदार्थाचं मूळ गाव शोधलंत आणि कृतीही तिथलीच उचललीत. हे पदार्थ ज्या लोकांबरोबर आले ते लोक इथे राहिले, आणि राहता राहता पदार्थ बदलला. तो बदल तुमच्या कृतीतून गळला, म्हणून तिन्ही फसले. भिंतीवर काय लिहायचं तेही त्याच बदलातून मिळेल.

बदल कशाने झाला ते समजायला जळगावचे जुने धंदे बघावे लागतात. कापूस, तेल आणि डाळ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात मुंबईकडून रेल्वे आली, भुसावळ जंक्शन झालं, आणि १८७० साली खंडवा-जबलपूरमार्गे कलकत्त्याची वाट मोकळी झाली. या रुळांवरून माळवा-निमाड जवळ आलं, पुढे तापीकाठच्या मार्गाने सुरत जवळ आली. जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, डाळमिल, त्यांच्यामागे मारवाडी आणि गुजराती व्यापारी. शेतकरी वस्तीतलं स्थलांतर तर याहून जुनं. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातला लेवा पाटीदार समाज आणि इकडचे गुर्जर आपलं मूळ गुजरातेकडे सांगतात. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं जळगावला आलं, तोवर या गावात बाहेरून आलेला माणूस ही नवलाई उरली नव्हती.

आता एकेक पदार्थ घेऊ. प्रमाणं देतोय, पण तुमचं बेसन, तुमची मिरची आणि तुमचं पाणी यावर त्यात थोडं इकडेतिकडे होणारच. पहिल्या खेपेला दहा ताटांचं करून बघा, मग वाढवा.

शेवभाजीपासून सुरुवात करतो, कारण एमआयडीसीत सगळ्यात जास्त तीच खपेल. शेवेचं शाक काठियावाडात आहे, माळव्यातही शेवेची भाजी होते. तिकडे ती टोमॅटोवर, आंबटगोड, पातळ मसाल्याची. जळगाव-धुळ्याकडे तीच शेव काळ्या रस्शात पडली. मटणासाठी जो भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा रस्सा होतो, त्याच रस्शात मटणाऐवजी शेव. घरात भाजी नसली तरी डब्यात शेव असते, त्यामुळे ढाब्यावर आणि मजुराच्या घरी दोन्हीकडे ती चालली. पण रस्सा बदलला म्हणजे शेवही बदलायला हवी. खायची शेव तोंडात विरघळावी म्हणून केलेली असते, आणि तुम्ही तिला उकळत्या रस्शात टाकून विरघळू नकोस म्हणताय.

भाजीच्या शेवेला इकडे तुरखाटी शेव म्हणतात, तुरीच्या वाळक्या काडीसारखी जाड. दुकानात मागताना 'भाजीची शेव' एवढं म्हटलं तरी कळतं. घरी करायची तर १ किलो ताजं बेसन, ४० ग्रॅम तिखट, १० ग्रॅम भरडलेला ओवा, २० ग्रॅम मीठ, चिमूटभर हिंग, ५० ग्रॅम लसणाची गाळलेली पेस्ट, आणि गरम तेलाचं मोहन फक्त ६० ते ७० मिली. सोडा अजिबात नाही. खरी मेख इथे आहे. खायच्या शेवेत मोहन याच्या तिपटीने असतं, वर बहुतेक ठिकाणी सोडा. त्याने शेव आतून जाळीदार होते, आणि जाळीदार वस्तू रस्सा भराभर पिते आणि फुटते. मोहन कमी, सोडा नाही, पीठ घट्ट, जाळी ४-५ मिलिमीटरच्या भोकाची, हे चार सांभाळले की शेव आतून भरीव राहते. मध्यम आचेवर तळा आणि तेलातले बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत काढू नका. मोठ्या आचेवर बाहेरून लाल होते, आत ओलसर राहते आणि दुसऱ्या दिवशी डब्यात मऊ पडते. तळल्यावर निदान चार तास उघड्यावर गार होऊ द्या, मगच डबा.

विकतची आणणार असाल तर पाकिटावरच्या नावाला भुलू नका, परीक्षा घ्या. वाटीत उकळतं मिठाचं पाणी घ्या, त्यात पाच-सहा काड्या टाका, तीन मिनिटं थांबा. काडी बोटात धरली की वाकली पाहिजे, तुटता कामा नये, आणि दाबल्यावर मधोमध किंचित टणक लागली पाहिजे. पाणी गढूळ पिवळं झालं तर ती शेव चहाबरोबर खा.

दहा ताटांच्या रस्शाला अर्धा किलो कांदा, १५० ग्रॅम सुकं खोबरं, ६० ग्रॅम लसूण, २५ ग्रॅम आलं, मूठभर कोथिंबीर देठांसकट, ४० ग्रॅम काळा मसाला, २० ग्रॅम तिखट, अर्धा चमचा हळद, २०० मिली शेंगदाण्याचं तेल आणि दोन लिटरला थोडं कमी उकळतं पाणी. कांदा सालीसकट विस्तवावर भाजला तर उत्तम. नाहीतर उभा चिरून थोड्या तेलात गडद तपकिरी होऊ द्या. खोबरं वेगळं भाजा आणि मंद आचेवर भाजा. कांदा आणि खोबरं एकत्र भाजायला टाकलं की कांद्याची वाट बघता बघता खोबरं जळतं, आणि जळक्या खोबऱ्याचा कडूपणा मागून गूळ घातला तरी जात नाही. रस्सा काळा दिसतो म्हणून खोबरं काळं करायचं नसतं. त्याचा रंग विटेसारखा झाला की खाली उतरवा. काळेपणा कांद्याचा आणि मसाल्यातल्या दगडफुलाचा असतो.

वाटण गंधासारखं बारीक हवं. तेल तापलं की वाटण टाका आणि मध्यम-मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं परता. ही पंधरा मिनिटं वाचवायला जाल तर रस्सा कच्चा लागतो आणि वर तर्री येत नाही. वाटण कढईची कड सोडायला लागतं, झाऱ्याने बाजूला केलं की खाली तेल झिरपताना दिसतं, ती वेळ. मगच मसाला आणि तिखट, सोबत पळीभर पाणी, नाहीतर तिखट जळून ठसका उठेल. त्यानंतर उकळतं पाणी. गार पाणी ओतलंत तर खोबऱ्याची चरबी थिजते, तेल त्यात अडकतं आणि रस्सा राखाडी, जड दिसतो. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळी द्या. मीठ नेहमीपेक्षा पाऊण, कारण उरलेलं शेव देणार आहे. नव्या खानावळीत शेवभाजी खारट निघते ती बहुतेक यामुळेच.

टोमॅटो घालू नका असं मी सांगतोय ते तो परदेशी म्हणून नाही. मग मिरची, शेंगदाणा आणि मकासुद्धा अमेरिका खंडातूनच आलेत, आणि ते काढले तर खानदेशच्या ताटात फारसं काही उरणार नाही. टोमॅटो नको, कारण त्याचा आंबटपणा भाजलेल्या खोबऱ्याची चव मारतो. मिरची मात्र नंदुरबारकडून येणारी सुकी घ्या आणि तिखट स्वतः दळून आणा. तयार पुडीत रंग असतो, धग नसते.

शेव रस्शात घालून पातेलं चुलीवर ठेवायचं नाही. ताट लागेल तशी वाटीत ५० ग्रॅम शेव घ्या, वर खळखळता रस्सा २०० मिली ओता, दोन मिनिटांनी ताट बाहेर. रस्सा मंद आचेवर तासभर बसला की आटतो, म्हणून शेजारी उकळत्या पाण्याची किटली ठेवा. ४० ताटांसाठी सगळं चौपट करू नका. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी उडतं, म्हणून पाणी साडेतीन पटच घ्या, काळा मसालाही तेवढाच. कमी पडलं तर वाढवता येतं.

भरताचं दुखणं वेगळं आहे. इथे वांगंच निराळं लागतं. वांगं हे मुळात आपल्याच देशातलं, पण जळगावच्या भरताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, त्यावर पांढुरक्या रेघा, मोठं, कमी बियांचं. बामणोद, आसोदा या गावांची नावं त्यासाठीच घेतली जातात. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पुण्यात मिळणारं जांभळं-काळं वांगं घेतलंत तर गर पाणचट आणि रंग मातकट येणारच. निवडताना हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांगं बियांनी भरलेलं असतं.

आणि हे वांगं भाजतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर. मघाशी कापसाचं सांगितलं ते यासाठी. कापूस वेचून जिनिंगला गेला की शेतात पऱ्हाट्या उरतात, त्याच सुमारास हिवाळ्याची वांगी भरात येतात, आणि मळ्यात भरताच्या पार्ट्या सुरू होतात. लेवा पाटीदारांच्या घरातलं भरीत साऱ्या जिल्ह्याचं झालं त्यात या फुकटच्या जळणाचा वाटा मोठा आहे. पऱ्हाटी भुरकन पेटते आणि जाळ मोठा देते. साल झटक्यात करपते, आतलं पाणी वाफ होऊन फटीतून निघून जातं, आणि धुराचा वास गराला लागतो. गॅसच्या मंद आचेवर वांगं भाजलं जात नाही, ते स्वतःच्याच पाण्यात उकडतं. तुमच्या भरताला पाणी सुटलं ते असं.

एमआयडीसीतल्या गाळ्यात पऱ्हाट्या पेटवता येणार नाहीत, हे मान्य. मग कोळशाची शेगडी, आणि तीही नसेल तर गॅसची सगळ्यात मोठी आच, वर जाळी. वांग्याला सुरीच्या टोकाने पाच-सहा ठिकाणी टोचा, नाहीतर फुटून गर उडतो. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तिथे दाबून बघा. भाजलेली वांगी झाकून ठेवू नका. झाकली की साल सहज निघते खरी, पण सगळी वाफ परत गरात जाते. तिरप्या ताटात किंवा चाळणीत १५ मिनिटं ठेवा, तपकिरी पाणी निथळेल, ते फेकून द्या. सोलताना नळाखाली धरू नका. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून बोटं बुडवत सोला. एक किलो वांग्यांतून साधारण ६०० ग्रॅम गर पडतो. ताटात डावीकडे वाढायला १०० ग्रॅम धरा, म्हणजे ४० ताटांना साडेसहा ते सात किलो वांगी.

गर ठेचायचा लाकडी भांड्यात, मुसळीने. मिक्सर नको. मिक्सरचं पातं बिया फोडतं, त्याने कडवटपणा येतो आणि गर चिकट होतो. एक किलो वांग्यांना ६० ते ८० ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि ३५ ग्रॅम लसूण. मिरच्या थोड्या भाजून लसणाबरोबर आधी ठेचून घ्या. १०० मिली तेलात ५० ग्रॅम शेंगदाणे तळून बाजूला काढा. त्याच तेलात सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, जिरं, मग ठेचा, मग बारीक चिरलेली कांद्याची पात १०० ग्रॅम. पात मिनिटभरच परता, हिरवी राहिली पाहिजे. वर गर, १० ग्रॅम मीठ, चार-पाच मिनिटं परतणं, शेवटी शेंगदाणे आणि कोथिंबीर. मीठ गरात आधी घालून ठेवलं तर पुन्हा पाणी सुटतं. हळद नाही, लाल तिखट नाही. त्याचा रंग हिरवट-पिवळाच असतो आणि बघणाऱ्याला तो तसाच हवा असतो.

सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ४ भाग ज्वारीला १ भाग सालीचे उडीद, दळतानाच थोडं मीठ. उडदामुळे भाकरीला चिकटपणा येतो, म्हणून ती थापायला नवख्यालाही जमते. पुऱ्या मात्र गार झाल्या की चिवट होतात, म्हणून ताटागणिक तळा. हिरवी वांगी ऐन उन्हाळ्यात चांगली येत नाहीत. तेव्हा भरीत बंद ठेवा आणि फळ्यावर तसं लिहा. जांभळ्या वांग्याचं भरीत 'जळगावी' म्हणून विकाल तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तोंडावर सांगेल.

आता बट्टी. राजस्थानची बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात थेट भाजतात. माळव्याचा बाफला आधी उकडतात, मग भाजतात. जळगावची बट्टी उकडून, कापून तळतात. खानदेशात गोवऱ्यांवर भाजलेली बट्टीही खातात, पण पंगतीतली बट्टी ही तळलेलीच. या फरकामागे पंगतीचं गणित आहे. पाचशे पानांना निखाऱ्यावर बट्टी भाजायची तर सगळी एकाच वेळी गरम देता येत नाही आणि अर्धी करपते. उकडून ठेवलेली बट्टी रात्रीच तयार असते. पाहुणे बसायला लागले की कापा, तळा, वाढा. आणि गावात तेलगिरण्या असताना तळण महाग पडत नव्हतं. बरोबरचं वरण डाळमिलच्या गावचंच, तूरडाळीचं. म्हणजे बट्टी वाळवंटाकडून आली असली तरी तिला आजचं रूप दिलं ते इथल्या लग्नाच्या आचाऱ्यांनी.

१ किलो गव्हाचं पीठ रवाळ दळून आणा. पोळीच्या पिठाची बट्टी चिकट होते. त्यात २०० ग्रॅम मक्याचं जाडसर पीठ, १० ग्रॅम ओवा, १० ग्रॅम जिरं किंवा बडीशेप, एक चमचा हळद, १८ ग्रॅम मीठ, पाव चमचा सोडा आणि १५० मिली तेलाचं मोहन. मोहन पिठाला दोन्ही तळव्यांनी चोळा. मूठ आवळली की लाडू झाला पाहिजे आणि बोटाने ढकलला की फुटला पाहिजे. मग साडेचारशे-पाचशे मिली पाणी, पुरीपेक्षा घट्ट पीठ, अर्धा तास झाकून. रवाळ पीठ पाणी सावकाश पितं. हा अर्धा तास दिला नाही तर बट्टीच्या पोटात कोरडी गाठ राहते, आणि तळल्यावर तीच दगड होते. तुमच्या ओव्हनच्या बट्टीत दोन चुका असणार. मोहन कमी, आणि उकडणं नाहीच. ओव्हनची कोरडी हवा बाहेरून कवच करते आणि आत पीठ शिजायला ओलच उरत नाही.

८० ग्रॅमचे लांबट गोळे करा, एवढ्या पिठात वीस-बावीस होतात. पाण्यात उकडायचे तर पाणी खळखळत असताना सोडा, कोमट पाण्यात ते तळाशी चिकटतात आणि कडा विरतात. वर तरंगले तरी लगेच काढू नका, आणखी दहा मिनिटं ठेवा. वाफेवर २५ ते ३० मिनिटं. मोदकपात्र पुरणार नाही, इडली-ढोकळ्याचं मोठं भांडं घ्या. एक बट्टी कापून बघा. आतला रंग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे. मध्ये पांढरट ठिपका असेल तर अजून पाच मिनिटं.

यानंतर घाई करायची नाही. बट्टी पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कापली तर चुरा होतो, आणि कापलेली बाजू ओली असल्याने तेल पिते. तासभर पंख्याखाली, मग एकेकीचे चार तुकडे, मध्यम तापलेल्या तेलात. पिठाचा कण टाकला की तो क्षणभर तळाशी थांबून वर यावा, एवढं तेल तापलेलं हवं. फार तापलं तर तुकडा बाहेरून काळा, आत गार. बट्टी तेलकट होत असेल तर सोडा जास्त पडलाय किंवा तेल गार आहे, तिसरं कारण सहसा नसतं. उकडताना फुटत असेल तर मका जास्त झालाय.

वरण साधं, घट्टसर, हिंग-हळद-जिऱ्याचं. त्यात चिंच-गूळ नको, बट्टी कुस्करून त्यावर तूप पडणार असतं. एका ताटाला दोन बट्ट्या आणि ५० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे ४० ताटांना ४ किलो पीठ आणि २ किलो डाळ. सोबत हिरव्या वांग्यांची घोटलेली भाजी असलीच पाहिजे. शेवभाजीबरोबर बट्टी देऊ नका, दोन्ही जड. एक दिवस हे, एक दिवस ते.

तुमच्याकडे बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार जेवायला येणार, असं लिहिलंत. ते बट्टी बघून लिट्टी म्हणतील. म्हणू द्या. त्यांना तिखट कमी, भात जास्त लागतो, एवढी सोय ठेवा. बट्टी त्यांना परकी वाटणार नाही.

बाकी पदार्थांबद्दल दोन-दोन वाक्यं. दाल-पकवान फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांबरोबर जळगावात आलं आणि अजून सिंधीच राहिलं, इथल्या मसाल्याने त्याला हात लावला नाही. ठेवायचं तर तसंच, सकाळच्या नाश्त्याला ठेवा. मालेगावचं जेवण ही वेगळी गोष्ट. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांची ती वस्ती, आज यंत्रमागांचं शहर. तिकडचा स्वयंपाक तिकडचा आचारी असल्याशिवाय तुमच्या फळ्यावर लावू नका. आणि खापरावरचे मांडे. कुणी विचारलंच तर ते बाहेरचे नाहीत एवढं ठामपणे सांगा. मुक्ताईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या मुक्ताईचं मुक्ताईनगर याच जिल्ह्यात आहे. पण मांडे ४० ताटांच्या खानावळीत करायच्या फंदात पडू नका. हातावर मांडा लांबवणारी बाई मिळाली तरी ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमच्याकडे नसेल.

भिंतीवरच्या ओळी मी अशा लिहीन. शेवभाजी: 'शेव गुजरात-माळव्याच्या ओळखीची, रस्सा खानदेशचा.' भरीत: 'हिरवं वांगं जळगावचं, जाळ कपाशीच्या काड्यांचा, हात लेवा घरांचा.' यातला जाळ तुमच्याकडे कोळशाचा असेल तर ते तीन शब्द गाळा, खोटं लिहू नका. बट्टी: 'राजस्थानात भाजतात, माळव्यात उकडून भाजतात, आम्ही उकडून तळतो.' अमुक साली अमक्याने हा पदार्थ आणला असली वाक्यं टाळा. असे पदार्थ एका माणसाने, एका साली आणलेले नसतात, आणि विचारणारा निघालाच तर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल.

सुरुवातीला आठवड्यातून चार दिवस शेवभाजी, एक दिवस वरण-बट्टी, आणि हिवाळ्यात एक दिवस भरीत-पुरी असं चालवून बघा. बट्टीच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बट्ट्या उकडून घ्या, गार करून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कापायच्या आधी तासभर बाहेर काढा, नाहीतर गार तुकडे पडले की तेल एकदम थंड होतं. उरल्या तर न कापता, न तळता ठेवलेल्या बट्ट्या दुसऱ्या दिवशीही चालतात. तळून उरलेल्या मात्र संध्याकाळी चुरून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन स्वयंपाकघरातल्या माणसांना द्या, विकू नका.

शेव कुठल्या दुकानातून घेताय आणि पाण्यातल्या परीक्षेत ती तीन मिनिटांनी कशी दिसली, ते कळवा. रस्सा तरीही जमला नाही तर वाटण किती वेळ परतलं ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा लिहा, 'बराच वेळ' असं नको.